अकरा वजा एक

चष्म्याच्या दुकानात ग्राहकांसाठी एक बाक आणि दोन स्टुलं होती. निकालाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तिथं दहा माणसं कशीबशी मावली होती आणि कोणी कोणाच्या नजरेला नजर देत नव्हतं.

विधानसभेला अपक्ष उभं राहायचं तर अर्जावर दहा सूचकांच्या सह्या लागतात. चष्मेवाल्यांनी त्या गल्लीतच गोळा केल्या होत्या, एक तर घरातच, बायकोची, म्हणजे काकूंची. आपण हरणार हे त्यांना ठाऊक होतं. पण मतदान केंद्रांच्या आकड्यांचा कागद हातात आला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"सह्या करणारे तुम्ही दहा, अकरावा मी. सगळे एकाच केंद्रातले. आणि आपल्या केंद्रावर मला मतं किती? दहा."

"म्हणजे एक कमी," गणिताचे मास्तर म्हणाले.

"तेवढं येतं मला, मास्तर."

बाकाच्या टोकाला अंग चोरून बसलेल्या अप्पांच्या लेकीला दरदरून घाम फुटला. तो एक कोण, हे तिला पक्कं माहीत होतं. अप्पांची नजर गेल्यापासून तीन निवडणुका तीच त्यांचा हात धरून आत जायची आणि त्यांच्या वतीनं त्यांच्या पक्षाचं बटण दाबायची. अप्पांना जाऊन चार महिने झाले होते. यंदा ती एकटी आत गेली. यंत्रावर अप्पांचं चिन्ह दिसलं, बोट आपसूक तिकडे गेलं. "दाबलं हं, अप्पा," असं ती पुटपुटलीसुद्धा. हे मत आपलं होतं, हे तिला यंत्र वाजल्यावर आठवलं.

"मला राग नाही. फक्त कळू दे," चष्मेवाले म्हणाले.

"राग नाही आणि मघापासून तीच काच पुसताय," काकू म्हणाल्या.

चष्मेवाल्यांनी काच ठेवली आणि न्हाव्याकडे पाहिलं. "तुझ्या दुकानात जिंकलेल्याचं कॅलेंडर आहे."

"फुकट मिळालं म्हणून लावलं, साहेब! तारखा काय त्यानं बदलल्यात?"

"वीस वर्षं तुझ्या हातात डोकं देतोय मी. उद्यापासून दुसरा न्हावी बघतो."

न्हाव्याचं तोंड एवढंसं झालं. काही न करता माणूस भरडला जात होता. अप्पांची लेक उठली.

"काका, ते मत माझं. मी... अप्पांच्या चिन्हावर दाबलं. सवयीनं."

तिला कुठं तोंड लपवू असं झालं. चष्मेवाले काही बोलणार, इतक्यात न्हावी खाकरला.

"आता पोरगी एकटी कशाला... माझंही तुम्हाला नाही, साहेब."

"काय?"

"थांबा, थांबा," मास्तर पुढे सरकले. "दोघांनी दिलं नाही, तर उरले नऊ. मतं दहा. म्हणजे एक मत बाहेरचं आहे!"

चष्मेवाले ताठ झाले. "बाहेरचं? मी न मागता?"

"न मागता, न सांगता."

लाँड्रीवाल्यानं हळूच हात वर केला. "माझंही नाही."

"दोन!" मास्तर म्हणाले. "आणि माझं धरलं तर तीन."

"तुम्हीसुद्धा, मास्तर?" चष्मेवाल्यांचा आवाज आनंदानं चिरकला. त्यांनी सगळ्यांवरून आशेनं नजर फिरवली. "अजून कोणी? लाजू नका."

"मी पण नाही दिलं," काकू म्हणाल्या. "निवडून आला असतात तर दुकान कोणी बघायचं?"

"चार!" चष्मेवाले ओरडले आणि थेट दारात जाऊन उभे राहिले.

काकू अप्पांच्या लेकीशेजारी टेकल्या. "मी त्यांनाच दिलंय गं," त्या कानाशी कुजबुजल्या. "पण चेहरा बघ की त्यांचा."

तिनं न्हाव्याकडे पाहिलं, तो घाईनं नखं बघू लागला. लाँड्रीवाला पंखा न्याहाळत होता. मास्तरांना तर स्वतःचाच हिशेब एकाएकी अवघड वाटू लागला होता. अकरातून एक वजा केला की दहाच उरतात, हे तिला आता पुरतं कळलं, आणि मघापेक्षा मान जास्तच खाली गेली.

बाहेर चष्मेवाल्यांना न मागता मत देणारे ते चौघं कोण हे कळायला मार्ग नव्हता. म्हणून ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचेच आभार मानत होते.