समोरचं जोडपं

रविवारी सकाळी तपासनीसांनी स्नानगृहाच्या झरोक्यातून कॅमेऱ्याची नळी बाहेर काढली, तेव्हा त्यांची बायको बाहेर बादली घेऊन ताटकळत होती.

"अहो, आटपा ना! धुणं पडलंय सगळं."

"शू! जोडी बसलीय."

विमा कचेरीत वीस वर्षं लोकांच्या अर्जांतल्या चुका काढल्यामुळे इमारतीत त्यांना सगळे तपासनीस म्हणत. आपल्या हातून चूक होत नाही, अशी त्यांची खात्री होती. समोरच्या झाडाच्या ढोलीत पिंगळ्यांची, म्हणजे छोट्या ठिपकेदार घुबडांची जोडी राहते, हा शोध त्यांनी महिन्यापूर्वी लावला. आता आत पिल्लंही होती. तेव्हापासून त्यांनी चारशे बारा फोटो काढले आणि त्यांतल्या बहुतेकांत पानं फार सुरेख आली. पिंगळ्यांत नर कोणता आणि मादी कोणती, हे भल्याभल्या जाणकारांना दुरून सांगता येत नाही. तपासनीसांनी ते पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं: ओरडते ती मादी.

फोनवरच्या पक्षीमंडळाचा एक कडक नियम होता. घुबड दिसलं तर नाव लिहायचं नाही, जागा सांगायची नाही. लोक दगड मारतात, नाहीतर पकडून नेतात. म्हणून त्या सकाळी झरोक्यापाशी उभ्यानेच तपासनीसांनी जपून लिहिलं, "समोरचं जोडपं कालही दिसलं. नर दिवसभर डोळे मिटून बसलेला. मादी थोराड, आवाज कर्कश. तिने दोनदा टोचल्यावर तो जरासा सरकला. सव्वासहाला दोघं बाहेर पडली. आज जवळून फोटो घेणार." आणि ते पाठवून दिलं.

ते गेलं 'पक्षीमंडळ'ऐवजी त्याच्याच खाली असलेल्या 'पाणी-पार्किंग' या इमारतीच्या गटावर. चूक लक्षात येताच त्यांनी मजकूर चपळाईने खोडला. पण खोडला तो फक्त स्वतःच्या फोनवरून. बाकी अठ्ठावीस घरांत तो शाबूत होता. "अगं, टॉवेल कुठाय माझा?" असं रोजच्यासारखं ओरडून तपासनीस निर्धास्तपणे दाढीला बसले.

अर्धी दाढी झाली असताना बेल वाजली. दारात समोरच्या विंगेतले सेक्रेटरी उभे होते, आणि त्यांच्या पुढे त्यांची बायको.

"मी थोराड?" तिने चप्पल न काढताच विचारलं.

"वहिनी, अहो, ते तुमच्याबद्दल नाही!"

"आम्ही रोज सव्वासहालाच फिरायला निघतो! आणि मादी? मादी म्हणालात मला?"

"माझ्याबद्दल लिहिलंय ते तसं..." सेक्रेटरी सुरू झाले. वहिनींनी कोपर मारलं. ते जरासे सरकले.

"ते पक्ष्यांबद्दल आहे," तपासनीस साबण गिळत म्हणाले.

"कुठले पक्षी? दाखवा फोटो!"

तपासनीसांनी आत जाऊन कॅमेरा आणला आणि मोठ्या विश्वासाने ताजा फोटो उघडला. कॅमेऱ्याने झाड सोडून मागची खिडकी पकडली होती. खिडकीत सेक्रेटरी बनियनवर, खुर्चीत डोळे मिटून बसलेले, इतके स्पष्ट की बनियनचं भोक मोजता आलं असतं. शेजारी वहिनी तोंड उघडून उभ्या. कोपऱ्यात एक तपकिरी डाग होता.

"हा पक्षी?" वहिनींनी डागावर बोट ठेवलं. "कुठला आहे? बोला ना!"

एक शब्द उच्चारला असता तर तपासनीस सुटले असते. पण मागच्या वर्षी त्याच झाडावर मधमाश्यांचं पोळं दिसलं, तेव्हा सेक्रेटरींनी दुसऱ्याच दिवशी फांदीच उतरवली होती. खिडकीसमोर घुबड आहे म्हटल्यावर त्यांनी बुंधाही ठेवला नसता. तपासनीसांना आत दाटीवाटीने बसलेली पिल्लं आठवली.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "ते तुमच्याबद्दलच होतं."

आयुष्यात पहिल्यांदाच हे वाक्य त्यांच्या तोंडून निघत होतं. वहिनींनी ते लेखी मागितलं. दुपारी अठ्ठावीस घरांनी माफीनामा वाचला, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्यांनी त्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका दाखवल्या.

संध्याकाळी तपासनीस गॅलरीत तोंड पाडून बसले होते. बायको वाळलेले कपडे काढत होती.

"पिल्लं वाचली ना? मग झालं," ती म्हणाली. "खरं सांगू? सकाळी वाचलं तेव्हा मला वाटलं, तुम्ही आपल्या दोघांबद्दलच लिहिलंय."

"आपल्याबद्दल? कशावरून?"

"दिवसभर डोळे मिटून बसतो, टोचल्याशिवाय हलत नाही. म्हटलं, वीस वर्षांनी का होईना, स्वतःची चूक सापडली माणसाला."

एवढ्यात झाडावरून कर्कश ओरडणं सुरू झालं.

"मादी," ते सवयीने म्हणाले.

"नर असेल," घड्या घालता घालता बायको म्हणाली. "ती आत पिल्लांचं बघत असेल. त्याला त्याचा टॉवेल सापडत नसेल."