मालेगावच्या फेऱ्या

दुसऱ्या रिपोर्टातही देवमनचा आकडा वाढलेलाच निघाला. प्रोस्टेटच्या दुखण्याची चाहूल देणारी ही रक्ततपासणी. पूर्वी तिच्यासाठी अकोला गाठावं लागे. आता मालेगावच्या दवाखान्यात सकाळी रक्त दिलं, की दुपारी आकडा हातात. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, की आकडा हा नुसता इशारा असतो, कॅन्सरच असेल असं नाही. देवमनच्या कानात तेवढा एकच शब्द उरला.

घरी सांगायची सोय नव्हती. बायकोला, लिलाबाईला कळलं, की साऱ्या मेडशी गावाला कळलं. एसटीनं जावं, तर कंडक्टरपासून सगळे ओळखीचे. म्हणून हा निवृत्त पोस्टमन दर खेपेला जुनी सायकल काढी आणि कडक सीटवर घाम गाळत मालेगाव गाठी. पुढच्या खेपेला आकडा आणखी चढला. त्यानं शेताचे कागद गुपचूप एका पिशवीत लावून ठेवले, भावकीतला अबोला सोडला, आणि जेवताना लिलाबाईच्या भाजीची तारीफ केली.

तारीफ ऐकून लिलाबाईला पहिल्यांदा संशय आला.

"मालेगावले काय ठेवलं हाय तुमचं?"

"काम असते."

"इस्त्रीचा शर्ट घालून?"

देवमननं भाजी आणखी वाढून घेतली. तिच्या रडण्यापेक्षा तिचा संशय बरा.

त्यानंतरच्या खेपेला ती मागोमाग एसटीनं निघाली. आता सुईनं तुकडा काढून तपासावा लागेल, हे देवमन जीव मुठीत धरून ऐकत होता, तोच ती दार ढकलून आत आली आणि तरुण डॉक्टरीणबाईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, "वावरात जायाले गुडघे दुखतेत यांचे. अन् इथं मात्र दर खेपेले सायकल हानत येतेत, मेडशीवरून."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. "काका, रक्त द्यायला दर वेळी सायकलनं आलात?"

कडक सीटच्या दाबानंही आकडा कधी कधी चढतो, त्या म्हणाल्या. आठवडाभर सायकल बंद, मग पुन्हा रक्त.

आठवड्यानं दोघं एसटीनं आले. दुपारी आकडा हातात पडला, अगदी हद्दीत. लिलाबाई दवाखान्याच्या पायरीवर बसून पोटभर रडली. मग डोळे पुसत म्हणाली, "पन मी त्या दिवशी साऱ्या यष्टीले सांगून देलं, का तुमी बाई ठेवली."

परतीच्या एसटीत देवमन रिपोर्ट घेऊन सीटसीटला फिरला. हद्द कोणती, आकडा कोणता, बोट ठेवून दाखवलं. मागच्या सीटवरच्या, गावातल्याच माणिकरावांनी चष्मा लावून कागद नीट वाचला आणि घडी घालून परत दिला.

"हे सारं बराबर हाय, देवमनभाऊ," ते हळूच म्हणाले. "पन बाई कोनती?"