पोकलेनच्या खांदशेकणीची हकीकत

श्री. सावध चित्ते ऐकणे. आमगाव परगण्यात पोळ्याच्या मुहूर्तावर लोखंडाची जी मोहीम जाहली, तिचे वर्तमान येथे लिहिले असे. ऐकणाराने खुशाल हसावे, परंतु मोहीम लहान होती ऐसे मानू नये.

राजमान्य राजेश्री जियालाल रहांगडाले, धानाच्या बांध्यांचे धनी, दर साली पोळ्यास आपली जोडी घेऊन तोरणाखाली खासे उभे राहत. यंदा उन्हाळ्यात डावा बैल वारला, आणि उजव्याने चारा सोडला, मग त्यास केशोरीस जावयाच्या कळपात धाडिले, आणि गोठा रिता पडला. चिरंजीव उमेंद्र यांनी बोड्या, म्हणजे शेततळी, खोदावयास पोकलेन आणिली होती, ती त्या गोठ्यासमोर उभी असे. मग जियालालांनी मसलत केली की औंदा तोरणाखाली हीच न्यावी. बैल गेले आणि जियालालही गेला, ऐसे गावाने म्हणो नये, इतकीच त्यांची मनीषा.

पोळ्याच्या आदल्या सांजेस खांदशेकणीचा रिवाज. बैलांचे खांदे हळद-लोण्याने चोळावे, वर्षभराचा शीण काढावा. जियालालांनी ग्रीसची पिचकारी उचलली आणि यंत्राचे खांदे शोधू लागले. वरच्या भुजेस जागोजागी ग्रीसच्या घुंड्या होत्या, त्या तृप्त केल्या. मग स्वारी पायांकडे वळली. तेथे रोलरांची पलटण पाहिली, परंतु एकासही घुंडी नाही. एक मात्र साखळीच्या आत, झडपेमागे दडलेली सापडली. दोन्ही बाजूंस ऐशी एकेक. तेव्हा साऱ्या रोलरांच्या वाटणीचे ग्रीस जियालालांनी तेथेच भरिले. हात भरून आले तरी भरिले. पिचकारी अडू लागली, तो यंत्राचा विनय समजून आणखी भरिले.

दुसरे दिवशी उमेंद्रांनी इंजिन चालू केले, आणि पोकलेन हातभर सरकून ऐसी कण्हली की आंब्यावरचे कावळे परागंदा जाहले. शेजारचे दुलीचंद आपली जोडी सजवून नेत होते. तोरणाखाली झडत्या, म्हणजे पोळ्याची चिमटेदार कवने, म्हणण्यात त्यांचा हात कोणी धरीत नसे. ते थांबले आणि जागीच नवी रचून मोकळे जाहले :

“कोनाचा बैल तनीस खाय, कोनाचा बैल ढेप,
जियालालचा डिझेल पिऊन घरीच घेते झेप!”

जियालालांचा चेहरा उतरला. उमेंद्र खाली वाकले, साखळीवर हात ठेविला. वीणेच्या तारेसारखी ताठ.

“बाबा, का करून ठेवलं जी हे?”

“खांदे शेकले. आनखी का?”

“अजी, ते खांदे नोहोत! रोलरमंधी तेल कंपनीतूनच भरून येते, त्याइले कायी लागत नाही. हा टेन्शनर होय. इथं ग्रीस भरलं का समोरचं चाक पुढं ढकलते आन् साखळी ताणते. अशीच चालवली तं मागच्या चाकाचे दात जातीन. काढा लागन ग्रीस.”

यावर जियालालांनी निक्षून हुकूम फर्माविला की काढणे नाही. खांद्यावर लावलेले लोणी पोळ्याच्या दिवशी कोणी पुसते काय? एवढी एक सेवा हातून घडली, तीही मागे घ्यावी काय? ऐसे म्हणून ते ओट्यावर पाठ करून बसले. उमेंद्र पान्हा हाती घेऊन उभे, आणि पोळा भरतो त्या आखरावर ढोल वाजू लागले.

तेव्हा जियालालांच्या सौभाग्यवती सुंदरबाई पुरणाचे हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी साखळी दाबून पाहिली, मग धन्यास विचारिले, “अवो, बैलाच्या गळ्याचं जोतं तुम्ही कसं बांधत होते?”

“दोन बोटं जातीन असं.”

“काऊन?”

“काऊन म्हंजे? तंग बांधलं तं गळा कापन ना त्याचा!”

जियालालांनी साखळीकडे पाहिले, आपल्या दोन बोटांकडे पाहिले, आणि उठून पान्हा मागितला.

“सावकाश, बाबा. एकच आटा ढिला करा. आन् समोर कोनी उभं राहू नोका जी!”

सारे बाजूस जाहले. दुलीचंद तेवढे जाहले नाहीत, कारण त्यांस पाहावयाचे होते. आटा फिरला, आणि आतील ग्रीस तोफेसारखे सुटून त्यांच्या कडक इस्त्रीच्या धोतरावर कामास आले.

“अरे बापरे! नवं होतं बे!”

“औंदा तुमचीही खांदशेकणी झाली, भाऊजी,” ऐसे सुंदरबाईंनी कळविले.

मग उमेंद्रांनी भुजा टेकवून एकेक बाजू उचलली, साखळी फिरविली, आणि ती खालून जरा झोळ देऊन लोंबली. जियालालांनी तो झोळ निरखिला आणि मान डोलाविली. पांदणीने पोकलेन निघाली, शिंगांच्या जागी झेंडूच्या माळा लेवून, आणि पुढे जियालाल रिकामा कासरा खांद्यावर टाकून चालले. तोरणाखाली जागा जाहली. दुलीचंदांनी तसल्याच धोतरानिशी आपली जोडी हातभर सरकविली.

सुंदरबाईंनी साखळीच्या दोन्ही पट्ट्यांवर पाणी घातले, कुंकू लाविले, आणि पुरणपोळी धन्यापुढे धरिली. जियालालांनी घास मोडिला आणि सवयीने हात पुढे केला, तो हात तेथेच राहिला. त्या उंचीवर तोंड नव्हते.

तेव्हा उमेंद्र केबिनीतून अर्धे बाहेर वाकले आणि तोंड उघडून म्हणाले, “आना, बाबा.”

जियालालांनी टाचा उंचावून घास भरविला. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, मान राहिला, साखळीस झोळ राहिला, आणि पुढल्या घासाकरिता जियालाल बराच वेळ चवड्यांवर उभे राहिले. लिहिले प्रमाण.