सुकराम काकांच्या कानातले कट्टे

आम्ही अड्याळला राहायला आलो, त्या दिवशी सामान उतरायच्या आत सुकराम काकांनी आमच्या फाटकाच्या कडीला चिंधी बांधली. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. गाठ मारून झाल्यावर म्हणाले, "मी बाजूचा. लोखंड वाजते ना मॅडम, तं मले लागते."

काकांची तीस वर्षं राईस मिलमध्ये मशीनपाशी गेली. गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्या सुमारास मिल सुटली, कानातली मात्र सुटली नाही. दोन्ही कानांत कायमचे दडे, आणि वर साधा चमचा पडला तरी कळ थेट दाढेपर्यंत. भंडाऱ्याचे डॉक्टर म्हणाले, हे जाणार नाही, सवय करून घ्या. काकांनी ती साऱ्या गल्लीला लावली.

दडे मोजायचं मापही मिलचंच. कट्टा, म्हणजे धानाचं पोतं. सकाळी तब्येत विचारली की उत्तर यायचं, "उजव्यात एक कट्टा, डाव्यात दोन." तीनच्या वर गेले की खाणाखुणांनी बोलायचं. स्टीलच्या ताटाशी हाडवैर, म्हणून जेवण पळसाच्या पत्रावळीवर. माझ्या कुकरवर तर त्यांची खास नजर. "मॅडम, शिट्टी कितीले?" मी वेळ सांगायची आणि काका तेवढ्यापुरते तलावाच्या पाळीवर जाऊन बसायचे. एकदा माझा गॅसच संपला. काका दीड तास पाळीवर. परत येऊन शांतपणे म्हणाले, "आज डाळ कच्चीच खाल्ली का?"

गंमत म्हणजे काकांच्या बायकोचा, जनाकाकूंचा आवाज तिसऱ्या गल्लीत ऐकू जातो. तिथे काकांची चिंधी चालत नाही. "ते मिलच्या आधीपासून चालू हाये," म्हणतात.

यंदा पोळ्याच्या आधी दहीहंडीच्या बँडने काकांना चार दिवस अंथरुणावर पाडलं. मला फार वाईट वाटलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा तोंडावर आलेला. त्या दिवशी पोरं चाकांचे लाकडी बैल ओढत घरोघर जातात आणि सिमेंटच्या रस्त्यावर ती चाकं अशी खडखडतात की चांगल्या कानांनाही नको होतं. मी मास्तरीण, पोरं माझं ऐकतात. सगळी वरात मी मागच्या गल्लीने नेली. वर माझ्या लेकीच्या बैलाच्या चाकांना कापड गुंडाळलं. आपण किती समजूतदार, म्हणून स्वतःवरच खूश होते.

परत आले तर जनाकाकू फाटकाशी उभ्या. पहिल्यांदाच हळू बोलल्या.

"मॅडम, आमच्या घरी पोट्टे काहून नाही आले? सकाळपासून कानातला कापूस काढून बसला हाये बुढा."

ओटीवर काका धुवट धोतर नेसून बसले होते. समोर परातीत करंज्या, वर झाकलेला रुमाल. त्यांचा मुलगा नोकरीपायी परमुलखात, नातवंडं फोटोत. वर्षातून एकच दिवस त्यांच्या दारात पोरं येतात, आणि तो मी पुसून टाकला होता. मला मान वर करवेना.

"काका, तुमच्या कानांसाठीच..."

"मालूम हाये," काका म्हणाले. "वर्षभर कान वाचवून ठेवतो मी. कायले ठेवतो मंग?"

मी लेकीला हाक मारली. ती बैल घेऊन ओटीवर चढली. चाकं कापडात, आवाज नाही. काका वाकले. अख्ख्या गल्लीला चिंध्या बांधणाऱ्या त्या माणसाने चारही चाकांच्या गाठी स्वतःच्या हाताने सोडल्या.

"चालव, माय."

खडखडखड. काकांनी डोळे घट्ट मिटले, दाढ दाबून धरली. बैल भिंतीपर्यंत जाऊन परत आला. त्यांनी लेकीच्या हातात करंजी ठेवली आणि बोटाने खुणावलं, अजून एक चक्कर.

मी न राहवून विचारलं, "काका, कट्टे किती?"

"पाच झाले," काका डोळे पुसत म्हणाले. "पुढच्या साली गल्ली बदलवू नोका, मॅडम."