ट्रायलरूममधला घोगरा आवाज

माझ्या दोन्ही डोळ्यांची शपथ, यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर उद्यापासून मी तोंड उघडणार नाही, आणि ते मला किती जड जाईल ते आमच्या घरात कुणालाही विचारा.

एक शिंपी होता. पुढे दुकान, मागे घर. त्या दुपारी त्याच्यासमोर मुख्याध्यापिकाबाई त्यानेच शिवलेला कोट घेऊन उभ्या होत्या.

"माप चुकलंय तुमचं. बटणच लागत नाही. असं असेल तर शाळेचे गणवेश दुसऱ्याकडे देते."

सहाशे गणवेश म्हणजे त्याचं वर्षभराचं काम. "एकदा घालून तर दाखवा, बाई," तो कसाबसा म्हणाला. बाई ट्रायलरूममध्ये शिरल्या आणि त्यांनी कडी लावली.

नेमकी तेव्हाच मागच्या खोलीत त्याची बायको टीव्ही जुन्या स्टिरिओला जोडत होती. टीव्ही हल्ली तोंडातल्या तोंडात बोलायचा. तिने वायरची पिन टीव्हीच्या हेडफोनच्या भोकात खुपसली, लाल-पांढरी टोकं स्टिरिओत. टीव्ही पार मुका झाला. स्टिरिओही ढिम्म. तिने बटण पिळलं, आणखी पिळलं, अगदी टोकाला नेलं. आवाज येणार कुठून? गिऱ्हाइकांना गाणी ऐकवायची म्हणून नवऱ्याने दोन्ही स्पीकर कधीच ट्रायलरूमच्या फळीवर नेऊन ठेवले होते, अस्तराच्या गठ्ठ्यांमागे. दोघंही ते विसरले होते.

"हलू नकोस," बंद ट्रायलरूममधून पुरुषाचा घोगरा आवाज आला.

शिंपी दचकून दाराकडे वळला. "बाई, आत कोण आहे?"

"तुम्हीच सांगा," बाईंचा आवाज चिरकला. "मला कडी सापडत नाहीये."

"पळायला जागा नाही. मला सगळं माहीत आहे."

शिंप्याने मापाचा गज उचलला. गज उचलला गेला, पाय काही उचलेना. "अगं ए, बाहेर ये लवकर," तो मागे वळून ओरडला.

"थांबा हो, इथे आवाजच येत नाहीये," बायको आतून म्हणाली.

"शेवटचं विचारतो," घोगरा म्हणाला. "खरं काय ते बोल."

आतून कडी चाचपल्याचा आवाज. मग हुंदका.

"सांगते. माप बरोबर होतं. कोट शिवल्यावर माझीच कंबर चार इंच वाढली. शिंपीदादांचा काही दोष नाही. आता सोडा मला."

"कसलाही डाग, एकाच धुण्यात साफ," घोगऱ्याच्या जागी जाहिरातीतली एक गोड बाई गाऊ लागली.

शिंप्याने फळीकडे जाणारी वायर पाहिली आणि तो मटकन स्टुलावर बसला. कडी सापडली. बाई बाहेर आल्या, केस विस्कटलेले, कोट अर्धाच अंगात.

"सोमवारी शाळेत या मापं घ्यायला," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही काहीही ऐकलेलं नाही."

"काही नाही, बाई."

मागच्या दारातून बायकोने वैतागून डोकं बाहेर काढलं. "मलासुद्धा काही ऐकू आलं नाही."

बाईंनी तिचे हात हातात घेऊन आभार मानले.

आता एवढं सांगून टाकते, चार इंच माझ्या पदरचे. बाई दीडच म्हणाल्या होत्या. पण दीड इंचासाठी कुणी हुंदके देतं का?