टाकी संपेपर्यंत

ओवी, तू आधी नुसतं ऐक. मधी बोलू नको, हसू तर अजिबात नको, नायतर माझा धागा सुटतो.

माझा मामेभाऊ मिहिरदादा तुला माहितीय. वाळूजची नोकरी सोडली आणि खुलताबादच्या अलीकडं केशवमामाच्या रानात पेरूची बाग बघायला लागला, तोच. त्याचं आणि स्वरालीचं जमून तीन वर्षं झाली. पण तिचे बाबा, नानासाहेब, हो म्हणेनात. घर चांगलं, मुलगा चांगला, पेरू चांगले, सगळं मान्य. तक्रार एकच. "हा मुलगा चालू वस्तूला हात लावतो."

आता ही तक्रार काय हवेतून आली नव्हती. पहिल्यांदा त्यांच्या सिडकोतल्या घरी गेला तेव्हा त्यांचा मिक्सर जरा आवाज करत होता. यानं कुणी न सांगता उघडला. आवाज गेला, आणि आवाजाच्या मागं मिक्सरपण गेला. त्या दिवशी सगळ्यांनी चटणीशिवाय इडल्या खाल्ल्या. नानासाहेब त्या इडल्या अजून विसरले नाहीत.

तरी स्वरालीनं तीन वर्षं लावून धरलं, आणि शेवटी ते म्हणाले, रविवारी येतो, बाग बघतो, तुमच्याकडंच जेवतो, आणि जेवताना सांगतो काय ते. जेवताना, बरं का. म्हणजे हो का नाय ते दुपारी एकच्या आसपास कळणार.

अडचण होती ती नानासाहेबांच्या गुडघ्याची. बाग सगळी चढावर. चालत दाखवायची म्हणजे गुडघा बोलणार आणि मग नानासाहेब बोलणार. म्हणून ठरलं की त्यांना एटीव्हीवर बसवून फिरवायचं. ती चार जाड चाकांची फटफटी गं, मागं पेरूचे क्रेट ठेवायला लोखंडी कॅरेज असतं ती. मामानं फर्दापूरकडच्या एका बंद पडलेल्या रिसॉर्टमधून आणलेली. क्रेट वाहायला ठीक होती, पण सकाळी चालू व्हायला दहादा सेल्फ मारावा लागायचा आणि दोन माणसं बसली की चढाला धापा टाकायची.

दादाचा कंपनीतला दोस्त अमेय. गाड्यांचं त्याला लई वेड. तो म्हणला, "इंजिन मस्त आहे रे. ठिणगीच अशक्त पडतीय. किट बसवू."

किट म्हणजे नवा प्लग, जास्त दाबाची कॉइल, आणि ठिणगी कधी पडायची ते ठरवणारा एक काळा डबा. ऑनलाइन मागवलं. कुरिअरवाला आला शनिवारी संध्याकाळी, म्हणून काम रविवारी सकाळी सातला सुरू झालं. पाहुणे दहाला.

मामा म्हणाला, "अरे, आजच कशाला? चालतीय की."

"बाबा, मधल्या चढाला बंद पडली तर नानासाहेबांना उतरून धक्का मारायला लावू का?"

मामा आत जाऊन दाढी करायला लागला.

सव्वानऊला सगळं बसलं. सगळं म्हणजे, एक वायर उरली. बागेतलं सगळं काम बघणारे सांडूभाऊ शेजारी उकिडवे बसले होते, त्यांनी ती बोटानं हलवून दाखवली. "ही कुठली म्हनायची?"

"काका, हे सगळ्या गाड्यांना चालणारं किट असतं. एखादी वायर उरतेच," अमेय म्हणला, आणि त्यानं तिच्या तोंडाला टेप गुंडाळली.

पहिल्या सेल्फला चालू. काय आवाज, ओवी. दादा आणि अमेय दोघं बसून मधला चढ असे गेले की सांडूभाऊंनी टोपी काढून हातात घेतली. खाली आले तेव्हा दोघांचे चेहरे दहावीत बोर्डात आल्यासारखे. दादानं रुबाबात किल्ली फिरवली.

गाडी चालूच.

त्यानं किल्ली काढून घेतली. किल्ली याच्या हातात, गाडी चालू. हँडलवरचं लाल बटण दाबलं. चालू. मग अमेयनं हळूच त्या टेप गुंडाळलेल्या वायरीकडं बघितलं आणि म्हणला, "ती बंद करायची वायर होती वाटतं."

"वाटतं म्हणजे?"

"म्हणजे, होती."

"मग जोड की."

"कशाला जोडू? नव्या डब्यात तिची जागाच नाही दिसत."

पेट्रोलचा कॉक बंद करावा तर त्याचा खटका रिसॉर्टवाल्यांच्याच काळात तुटलेला, तारेनं कायमचा उघडा बांधलेला. अमेय म्हणला प्लगची टोपी ओढतो. फडकं गुंडाळून हात घातला आणि दुसऱ्या सेकंदाला तो तिथं नव्हताच. मागं शेणखताच्या ढिगावर बसला होता. जुनी कॉइल असती तर झटका मुंगी चावल्याएवढा बसला असता. आता हिचा पैसे मोजून जोर वाढवलेला.

मग सांडूभाऊंनी स्वतःचं डोकं लावलं. एक चांगला कच्चा पेरू निवडला आणि सायलेन्सरच्या तोंडात ठोकून बसवला. गाडी दोन क्षण घुसमटली, सगळ्यांना वाटलं झालं, आणि तो पेरू असा सुटला की पाण्याच्या टाकीवरून पलीकडं गेला. बागेतले सगळे पोपट एकदम उठले.

पावणेदहा. खुलताबादच्या फकिरा मिस्त्रीला फोन लावला, तर तो फोन उचलेना. आणि टाकी? टाकी मामानं आदल्या दिवशी गळ्यापर्यंत भरलेली, पाहुण्यांसमोर पेट्रोल संपायला नको म्हणून. अमेयनं हिशोब केला, "संध्याकाळी सहापर्यंत जाईल."

"मग वरच्या शेडमधी नेऊन उभी करू," दादा म्हणला.

"उभी राहिली तर तापेल. हवेवर थंड होतं हे इंजिन. चालती ठेवावी लागंल."

मग सगळ्यांनी सांडूभाऊंकडं बघितलं. सांडूभाऊ म्हणाले, "मी काय केलंय?" पण बसले बिचारे. त्यांना सांगितलं, बागेच्या कडेच्या रस्त्यानं गोल फिरत राहायचं, घरासमोर थांबायचं नाय, कुणी विचारलं तर राखण करतोय म्हणायचं.

दहाला नानासाहेबांची गाडी फाटकातून आत आली. नानासाहेब, कालिंदीकाकू, स्वराली. पडवीत खुर्च्या मांडलेल्या. मी पाणी दिलं. नानासाहेबांनी एक घोट घेतला, आजूबाजूला बघितलं, आणि म्हणाले, "शांत आहे जागा."

तेवढ्यात घरामागून सांडूभाऊ गेले.

"कोण हो ते?"

"आमचा सांडू," मामा म्हणाला. "पोपट लई त्रास देतात. राखण."

सात मिनिटांनी परत गेले. परत सात मिनिटांनी. चौथ्या फेरीला नानासाहेबांनी घड्याळ बघितलं. पाचव्या फेरीला सांडूभाऊंची बायको गोजरबाई हातात चहाचा ग्लास घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि सांडूभाऊंनी तो चालत्या गाडीवर घेतला. सहाव्या फेरीला रिकामा परत दिला. सातव्या फेरीला भाकरीवर ठेचा. गोजरबाई घास भरवत सोबत चार पावलं पळाली, कारण भाकरी तोडायची तर दोन्ही हात सोडावे लागणार आणि हात सोडले की गाडी बांधाकडं जाणार. पळता पळता तिचा आवाज पडवीपर्यंत आला, "लगीन ह्यांच्या पोराचं आन् वरात माझ्या म्हाताऱ्याची."

कालिंदीकाकूंना राहवेना. "अहो, त्या माणसाला बसू द्या की जरा."

"काकू, ते बसलेलेच आहेत," दादा म्हणला.

स्वराली पाण्याचा तांब्या आत ठेवायच्या निमित्तानं उठली, दादाजवळ आली आणि ओठ न हलवता म्हणली, "काय बदललंस?"

"प्लग, कॉइल आणि एक डबा."

"कधी?"

"आज सकाळी."

तिनं डोळे मिटले. "बाबांना कळलं तर मी सिडकोतच म्हातारी होईन."

साडेअकराला नानासाहेब उठले. "चला, बाग दाखवा. गाडी आहे म्हणाला होतात ना गुडघ्यासाठी?"

दादा म्हणला, हो, म्हणजे आहे, पण ती जरा राखणीला गेलीय. नानासाहेब म्हणाले, "येईलच सात मिनिटांत." आणि काठी टेकत रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. सांडूभाऊ आले. नानासाहेबांनी एसटीला करतात तसा हात केला. समोर पाहुणा उभा म्हणल्यावर सांडूभाऊंना ब्रेक मारावाच लागला.

आता ओवी, सांडूभाऊ दोन तास त्या सीटवर होते. एव्हाना दोन ग्लास चहा पोटात. गाडी न्यूट्रलला आल्या आल्या ते उतरले आणि कुणाकडं न बघता सरळ झाडीत पळाले. सीट रिकामी. दादा पुढं सरकला, "नानासाहेब, मी चालवतो, तुम्ही मागं..."

पण नानासाहेब पुढंच बसले होते. "पंचवीस वर्षं स्कूटर चालवलीय मी," ते म्हणाले. "गुडघ्यानंतर हिनं विकायला लावली." त्यांनी काठी मागच्या कॅरेजवर ठेवली, खटका पुढं टाकला, आणि गेले.

आम्ही सगळे रस्त्यात उभे. सात मिनिटं सगळ्यांची नजर वळणावर. मग ते आले, आमच्या समोरून गेले, मान वळवली नाय. दुसरी फेरी. तिसऱ्या फेरीला त्यांचे केस उभे राहिले होते आणि शर्टाचं वरचं बटण सुटलेलं होतं. कालिंदीकाकू मला म्हणाल्या, "ह्यांनी शिटी कधी वाजवली होती, मला आठवत नाही गं." मी ऐकलं तर खरंच शिटी येत होती.

साडेबाराला आतून पानं वाढल्याचा निरोप आला. काकूंनी हाक मारली, "अहो, जेवायला." ते म्हणाले, "एक फेरी." ती एक फेरी झाली, अजून दोन झाल्या. मग एकदाचे ते आमच्यासमोर थांबले. गाडी घरघरतीय, मागं भात निवतोय, आणि नानासाहेब दादाकडं बघतायत.

"वरच्या बांधाला मी किल्ली फिरवून बघितली," ते म्हणाले. "दोनदा. लाल बटण पण दाबलं. ही बंद होत नाही."

दादाचा चेहरा असा झाला की मला त्याचा हात धरावासा वाटला. मामा आकाशाकडं बघायला लागला. अमेय तर आंब्याच्या झाडामागंच गेला.

"हात लावलात का हिला?"

तो खोटं बोलू शकला असता, ओवी. जुनीच खोड आहे म्हणला असता तर कुणाला कळलं असतं? पण स्वराली शेजारी उभी होती. तो म्हणला, "हो. आज सकाळी. तुम्हाला चढाला त्रास होऊ नये म्हणून."

नानासाहेब हँडलवरून हात फिरवत म्हणाले, "आधी कशी होती?"

"चढाला धापा टाकायची. दोन माणसं बसली की उतरून ढकलावी लागायची."

"हं." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझ्याकडून होकार. पण एक सांगतो. आता हिला कुणी हात लावायचा नाही. टाकी संपेपर्यंत मी उतरणार नाही, आणि मधेच कुणी थांबवलं तर माझा होकार धरू नका." खटका टाकला आणि गेले.

मामानं टोपी काढून घाम पुसला. दादा स्वरालीकडं बघून हसला. आणि तेवढ्यात फकिरा मिस्त्रीचा फोन.

"क्या हुआ मियाँ? सुबह से सात मिस कॉल. निकाह में था मैं."

दादानं सांगितलं. फकिरा तिकडून म्हणला, "चालू गाडी को काय को छेडे? बोला था ना मैं, नक्को छेडो. सुन, हँडल के नीचे हवा लेने का जाळीवाला मूँह है. उस पे गीला कपडा दबा के धर. आधे मिनिट में सो जाती. अपने आप."

दादा म्हणला, बरं, आता गरज नाही. फोन ठेवणार, तर कालिंदीकाकू शेजारी उभ्या. त्यांनी सगळं ऐकलेलं. त्या शांतपणे आत गेल्या, पंचा माठाखालच्या पाण्यात बुडवला, पिळला, आणि आणून दादाच्या हातात दिला.

"एकची बीपीची गोळी आहे त्यांची. जेवल्यावर घ्यायची. मला त्यांना सहापर्यंत उपाशी नाही फिरवायचं."

"पण काकू, ते म्हणाले की थांबवलं तर..."

"ते काय म्हणाले ते ऐकलं मी. मुलगी माझीही आहे, मिहिर. ज्याला माझ्या नवऱ्याला वेळेवर पानावर आणून बसवता येत नाही, त्याच्या घरी मी ती देणार नाही."

मामा म्हणाला, "वहिनी, असं काय..." पण काकू पडवीत जाऊन हाताची घडी घालून बसल्या होत्या. दादानं स्वरालीकडं बघितलं. स्वराली म्हणली, "माझ्याकडं बघू नकोस. दोघंही माझेच आहेत."

तर आता बघ. एक वाजायला पाच मिनिटं. दादा रस्त्याच्या मधोमध उभा, हातात ओला पंचा, पाणी बुटावर ठिबकतंय. वळणावरून गाडीचा आवाज जवळ येतोय, शिटीपण ऐकू येतीय. तू सांग ओवी, तू काय केलं असतंस?