शर्यत सुटते तिथला माणूस

शाळांच्या होड्यांच्या शर्यती बघायला आलेले सगळे पालक शर्यत जिथे संपते तिथे गर्दी करतात. रेडकर काका मात्र ती जिथे सुटते तिथे जाऊन उभे राहतात. तलावाच्या पार पलीकडच्या टोकाला, झुडपांत, डासांत, एकटे. डोक्यावर पांढरी टोपी, खांद्याला कापडी पिशवी. शर्यत सुटली की त्यांना दिसतं काय, तर लहान लहान होत जाणाऱ्या होड्या. कोण जिंकलं ते त्यांना कधीच कळत नाही. विचारलं तर म्हणतात, "जिंकलं असेल कुणीतरी."

माझी रे रोडला लाकडाची वखार आहे. लालबागच्या चाळीतून निघालो आणि स्वतःच्या जोरावर ती उभी केली. गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आत त्याला काय हवंय ते मी ओळखतो. या माणसाला काय हवंय ते मात्र मला दोन वर्षं कळलं नाही. वर त्यांनी चारचौघांत माझा अपमान केलेला. तो मी विसरलेलो नाही.

रेडकर काका परळला राहतात. विम्याच्या कचेरीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. बायको गेली. त्यांचा मुलगा कधीकाळी याच शाळेकडून होडी वल्हवायचा. तो शाळेतून बाहेर पडला, पण काकांचं येणं थांबलं नाही. नव्या सरांना वाटतं, हे कुणाचे तरी आजोबा आहेत. कुणाचे, हे विचारायची हिंमत कुणी करत नाही, कारण काका उलट त्यांनाच चार गोष्टी ऐकवतात.

शर्यती सुरू व्हायच्या आधी ते पालकांमधून एक फेरी मारतात. नवा पालक त्यांना लांबून ओळखू येतो. एका बाईंनी लेकासाठी डबा उघडला तर हे हजर. "ताई, आत्ता बटाटेवडा? पोरगा होडी चालवणार आहे की बुडवणार आहे?" कुणी मोबाइल उंच धरला की, "साहेब, खिशात ठेवा तो. घरी जाऊन बघाल तर नुसतं पाणी दिसेल आणि तुमचा अंगठा." एका वडिलांनी विचारलं, मुलगा हरला तर काय बोलायचं? काका म्हणाले, "कितवा आलास ते विचारायचं नाही. आधी सुका टॉवेल. मग पाणी. मग गप ऱ्हवायचां."

पण त्यांचं आवडतं वाक्य एकच. कुणी उत्साहात टाळ्या पिटायला लागलं की पाठीवर हात ठेवून म्हणायचं, "टाळी राखून ठेवा. शेवटची होडी येईस्तोवर पुरली पाहिजे."

आता अपमानाचं सांगतो. माझी मुलगी तन्वी पहिल्यांदा शर्यतीत उतरली तेव्हा मी शेवटच्या रेषेजवळ पहाटेच जागा धरली होती. तिची होडी जरा एका बाजूला सरकताना दिसली. बाप आहे, गप्प कसा बसेन? बोंब ठोकली, "तन्वी, डावीकडे! अगं डावीकडे घे!" तिने मान वळवून मागे बघितलं, एक वल्हं पाण्यात अडकलं आणि होडी जागच्या जागी फिरली. शेवटून पहिली आली. काठावर पोरगी रडत होती, तेवढ्यात पलीकडून काका चालत आले. काय झालं ते त्यांनी ऐकून घेतलं आणि सगळ्यांसमोर मला म्हणाले, "अहो मोरे, वल्हवणाऱ्याची पाठ पुढे असते. तुम्ही तिचं डावं समजलात ते तिचं उजवं. घरी बसून एवढं नुकसान तुम्हाला जमलं नसतं!"

सगळे हसले. त्या वडेवाल्या बाईसुद्धा.

माझं म्हणणं आजही तेच आहे, की ती होडी मुळात वाकडी होती. लाकडातलं मला कळतं. होडी फायबरची होती, हा मुद्दा वेगळा.

त्या दिवशी घरी येताना तन्वी म्हणाली, "बाबा, यापुढे तुम्ही येऊ नका." एवढंच. मग दोन वर्षं शर्यतीच्या दिवशी ती शाळेच्या बसने जायची आणि मी वखारीत बसून गिऱ्हाइकांवर खेकसायचो. घरी ती आईशी बोलायची. मी खोलीत आलो की तिचा अभ्यास निघायचा.

यंदाच्या हिवाळ्यात तिची शेवटची शर्यत होती. जूनमध्ये ती शिकायला बंगळुरूला जाणार. आता नाही गेलो तर मग कधी? मी तिच्याशी सौद्याला बसलो.

"लांब उभा राहीन."

"नको."

"तोंड उघडणार नाही."

"तुम्ही? बाबा, प्लीज!"

"बरं, गाडीतच बसतो. काचा वर करून."

"हे दुकान नाहीये, बाबा."

आयुष्यात इतकी घासाघीस मी सागवानासाठी केलेली नाही. शेवटी ती कंटाळून म्हणाली, "या. पण मला दिसायचं नाही. तुम्ही दिसलात की माझे हात चुकतात."

मंजूर, म्हटलं. दिसायचं नाही म्हणजे गर्दीपासून लांब जायला हवं. मला ते पलीकडचं टोक आठवलं. रेडकर काकांचं तोंड बघायची इच्छा नव्हती, पण गरज माझी होती.

काका तिथे होतेच. "काय मोरे, वाट चुकलात?"

"लपायला आलोय," मी म्हटलं आणि सगळं सांगून टाकलं. काका हसले ते ठसका लागेपर्यंत. "अहो, लपायला अख्ख्या मुंबईत हीच जागा सापडली? वल्हवणाऱ्याचं तोंड इकडे असतं. शर्यत सुटल्यापासून तिला हाच काठ दिसणार. तिकडे गर्दी करतात त्यांना नुसती पोरांची पाठ!"

मी झुडपात शिरायला वळलो, पण उशीर झाला होता. होड्या रांगेत लागल्या होत्या आणि समोरच्याच होडीत तन्वी होती. तिने मला बघितलं. कपाळाला आठी पडली. दिलेला शब्द मी मोडला होता, आणि तोही तिच्या शेवटच्या शर्यतीत. मी काहीतरी ओरडून सांगणार, इतक्यात काकांनी माझं मनगट धरलं.

"टाळी राखून ठेवा. नुसता हात वर करा. आणि हलू नका."

मी हात वर केला. शिट्टी झाली. होडी निघाली. तन्वी माझ्यापासून लांब चालली होती आणि तिचं तोंड माझ्याकडे होतं. हात चुकले नाहीत. तिने मुद्दाम नजर हटवली नाही, की दुसरीकडे बघायची सोयच नव्हती, देव जाणे. पण दोन वर्षांत तिने माझ्याकडे इतका वेळ बघितलं नव्हतं. आठी कधी गेली ते कळलं नाही. मग चेहराच दिसेनासा झाला.

मी हात खाली घेतला. काकांचा वरच होता.

"काका, गेल्या होड्या."

"हं." त्यांनी हात सावकाश खाली घेतला. "आमचा नितीन वल्हवायचा तेव्हा मी पण तिकडेच असायचो. शेवटाला. पहिल्या रांगेत. तुमच्यापेक्षा मोठ्याने ओरडायचो. पुढे तो कॅनडाला गेला. विमानतळावर ट्रॉली ढकलत काचेच्या दारातून आत गेला. मी हात वर करून उभा. म्हटलं, वळेल आता." ते टोपी काढून झटकत बसले. "घरी येताना टॅक्सीत लक्षात आलं. होडीतून जायचा तेव्हा तो या काठाकडे तोंड करूनच जात होता. मीच इथे नव्हतो."

मी विचारलं, "फोन येतो ना?"

"येतो की. रविवारी. येत नाही असं नाही."

त्यांनी पिशवीतून एक घडी केलेला टॉवेल काढून माझ्या हातात दिला. "पोरीसाठी न्या. कितवी आलीस विचारू नका."

"तुम्ही पण चला. बक्षिसं आहेत, चहा आहे."

"तुम्ही व्हा पुढे. अजून शर्यती सुटायच्या आहेत. इथे कुणी नसलं की पोरं रिकाम्या काठाकडे बघत जातात."

मी टॉवेल घेऊन काठाकाठाने निघालो. त्या अपमानाचा हिशोब अजून बाकी आहे, तो मी सोडलेला नाही. पण अर्ध्या वाटेवर वाटलं, माझी उन्हाची टोपी तिथेच राहिली की काय, म्हणून मागे वळून बघितलं. टोपी माझ्या डोक्यावरच होती.

काका माझ्याकडेच बघत होते. हात आधीपासूनच वर होता.